हद्दीच्या आत

पहाटे 4.40

खोलीत प्लग लावायची जागा एकच आहे. रात्रभर तिथे घड्याळ होतं. आता ते भरलं, म्हणून मुलाचा मोबाइल लागला. त्याला साडेसातला निघायचंय, तोवर निम्मा तरी चार्ज होईल. पहिला मान घड्याळाचा, कारण घड्याळ बंद पडलं तर खाडा लागतो. मोबाइल बंद पडला तर पोरगा चिडतो. चिडलेला पोरगा परवडतो.

काकू सफाई कामगार आहेत. विदर्भातल्या एका महापालिकेच्या, पण ठेकेदारामार्फत. शहराचं, प्रभागाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. तिन्हीपैकी एक जरी लिहिलं तरी उरलेली दोन शोधायला कचेरीला पाच मिनिटं पुरतील. वस्तीत आणि कामावर सगळे त्यांना काकूच म्हणतात. वय सत्तेचाळीस. नवरा नाही, मुलगा आयटीआयला.

न्हाणी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला दीड हाताचा कट्टा, पुढे साडी बांधलेली. आंघोळीला जाताना काकूंनी घड्याळ ओट्यावर पालथं ठेवलं. वरून रिकामा गंज झाकला. हे इतक्या सवयीनं केलं की मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं.

"आतमंधी क्यामेरा हाये ना त्याले."

घड्याळात जीपीएस आहे, सिमकार्ड आहे, बोलायला माइक आहे आणि काचेच्या वरच्या कडेला डाळीच्या दाण्याएवढी भिंगाची जागा. कॅमेरा चालू नाही, असं वाटप करताना सांगितलं होतं.

"बंद हाये म्हनते. बंद क्यामेरा कसा दिसते, मले काय ठाऊक?"

माझ्याकडेही उत्तर नव्हतं. माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी चिकटपट्टी लावते. काकू गंज लावतात.

पहाटे 5.40

पोळ्या सात. चार डब्यात, तीन पोराला. आलू-वांग्याची भाजी. डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, जुन्या सुती साडीचे फडके, औषधाची पट्टी, सगळं एका कापडी पिशवीत. घड्याळ डाव्या मनगटावर, पण आधी रुमालाची घडी आणि मग पट्टा. पट्टा रबरी आहे. एप्रिलमध्ये त्याच्याखाली घामोळं उठतं, मग चिघळतं. मलमाची ट्यूब 45 रुपयांना.

चौकातून ई-रिक्षा, 20 रुपये. परत येताना 20. आधी त्या पायी जात, चाळीस मिनिटं. आता गुडघा म्हणतो नको.

सकाळी 6.15

हजेरी शेडमध्ये बाया पंधरा-सोळा, बाप्ये सहा. पत्र्याचं छत, एक बाक, पाण्याचा माठ. माठ बायांनी वर्गणी काढून आणलेला. संडास नाही. जमादार रजिस्टर उघडून बसलेत, पण हे रजिस्टर आता नुसतं ठेवायचं म्हणून. खरी हजेरी मनगटावर आहे. घड्याळ हद्दीत शिरलं की कुठल्यातरी पडद्यावर ठिपका हिरवा होतो.

हे यंत्र का आलं तेही सांगायला हवं. रजिस्टरच्या काळात कागदावर तीस जण झाडत आणि रस्त्यावर वीस. उरलेल्या दहांचा पगार कोण खाई, ते शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. काकू स्वतःच म्हणाल्या, "आमी दोघीचं काम एकटी करो. तवा घडी आली तं मले बरंच वाटलं बाप्पा." पुढे त्या थोडं थांबल्या. "पन ज्यानं रजिस्टर लिवलं त्याच्या हाताले कुटं बांदली घडी?"

जमादार ऐकत होते. हसले. त्यांच्या हातात स्वतःचं जाडजूड सोनेरी घड्याळ होतं, वेळ दाखवणारं.

नागपूर, नवी मुंबई, चंडीगड अशा शहरांतल्या सफाई कामगारांच्या मनगटावर अशी घड्याळं येऊन गेली किंवा आहेत. चंडीगडमध्ये कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. इथे कोणी उतरलं नाही. इथे वाटपाच्या दिवशी सही घेतली. काकूंकडे त्या कागदाची पोच आहे. त्यावर लिहिलंय: घड्याळ सुस्थितीत मिळाले, हरवल्यास किंमत पगारातून वसूल केली जाईल. खाली सही. काय टिपलं जाईल, किती दिवस ठेवलं जाईल, कोण बघेल, यातलं काहीच त्या कागदावर नाही.

सकाळी 6.40

खराटा नवा मिळाला की तसाच वापरता येत नाही. तो सैल असतो. काकू त्याच्या काड्या उभ्या आपटून एका पातळीत आणतात, मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तीन वेढे घट्ट बांधतात, मधोमध बांबू ठोकतात. बांबू स्वतःचा, 60 रुपयांचा, दोन वर्षं टिकलाय. महिन्याला एक खराटा मिळतो. तो वीस दिवसांत झिजतो. उरलेले दहा दिवस झिजलेल्या खराट्यानं वाकून झाडायचं. पाठ त्या दहा दिवसांत दुखते.

हद्द म्हणजे एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही कडा आणि चार गल्ल्या. सगळं मिळून किलोमीटरहून जास्त. वारा पाहून सुरुवात करायची. वाऱ्याच्या पाठीनं झाडलं तर धूळ पुढे जाते, तोंडावर येत नाही. कडुनिंबाची पानगळ संपत आलीय, आता बारीक फुलं गळतात. पानं बरी, फुलं वाईट. ती डांबराला चिकटतात, तिथे खराटा आडवा धरून खरवडावं लागतं.

वीस-पंचवीस पावलांवर एक ढीग. ढीग झाला की फावड्यानं घमेल्यात, घमेल्यातून हातगाडीवरच्या डब्यात. गाडीचं एक चाक वाकडं आहे, ती डावीकडे ओढते. त्यामुळे काकू उजव्या खांद्यानं रेटतात. घड्याळाला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त कळतं की हात हलतोय आणि हद्दीत आहे.

सकाळी 8.10

तिसऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना चार मजली इमारती आहेत, मध्ये आठ फूट रुंदीची बोळ. काकू बोळीच्या टोकाला गटाराच्या जाळीतून प्लास्टिक उपसत होत्या. पिशवीतला मोबाइल वाजला. जमादार.

"बाई, तुम्ही कुठं आहात? बाहेर दाखवून राहिलं."

"तिसऱ्या गल्लीत हावो ना साहेब."

"पडद्यावर पलीकडच्या वॉर्डात आहात तुम्ही."

काकूंनी हातातलं काम तसंच सोडलं. रस्त्यावर आल्या. मोकळ्या आभाळाखाली डावा हात वर धरून उभ्या राहिल्या. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं रिक्षा थांबवतायत. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "हां, आला."

उपग्रहाचा सिग्नल उंच भिंतींवर आपटत येतो, त्यामुळे जागा काही मीटर सरकून दिसते. मोकळ्या मैदानात ठीक, बोळीत नाही. हद्दीची रेघ नेमकी त्या इमारतींच्या मागून जाते. म्हणजे काकू जितकं मन लावून बोळीचा शेवट साफ करणार, तितक्या त्या पडद्यावर गैरहजर होणार. बोळीचं टोक बरेच जण त्यामुळे सोडून देतात. काकू सोडत नाहीत, कारण तिथे राहणारी म्हातारी वरून ओरडते.

मागच्या महिन्यात अशा दोन गैरहजेऱ्या लागल्या. दोन अर्धे दिवस कापले. दिवसाची हजेरी 540, म्हणजे अर्धा दिवस 270. दोन मिळून 540 गेले. महिन्याचे 26 दिवस भरले तर 14,040 होतात, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय वजा जाऊन हातात 12,200 च्या आसपास. त्यातून 540 गेले की किराण्यातलं तेल कमी येतं. तक्रार केली का? "केली ना. म्हने मशीन खोटं बोलत नाई."

सकाळी 8.50

इथे लिहायला थोडं अवघड आहे, पण काकूंनीच सांगितलं की लिहा.

सकाळपासून त्या एक घोट पाणी प्यायल्या आहेत. पाळी चालू आहे. या वयात ती कधीही येते आणि आली की चार दिवस अंगावर जाते. कापड बदलायचंय. जवळचं पैसे देऊन वापरायचं शौचालय हद्दीच्या बाहेर आहे, चालत पाच मिनिटांवर. पूर्वी त्या एका घरी जात. त्या बाईंनी कोविडच्या काळात नाही म्हटलं, ते नंतर पुन्हा हो झालं नाही.

शेजारच्या हद्दीत काम करणारी वैनी गाडी ढकलत आली. काही बोलणं झालं नाही. काकूंनी पट्टा सोडला, वैनीनं उजवा हात पुढे केला. आता वैनीच्या दोन हातांना दोन घड्याळं. ती काकूंच्या रस्त्यावर झाडायला लागली, दोन्ही हातांनी, जरा जास्तच जोरात. म्हणजे दोन्ही हलतील.

आम्ही निघालो. शौचालयाच्या दारावरच्या मुलानं पाच रुपये घेतले. आत कडी नव्हती, मी बाहेरून दार ओढून धरलं. पाणी होतं. वापरलेलं कापड टाकायला डबा नव्हता. काकूंनी ते कागदात गुंडाळून पिशवीत घातलं, शहराचा कचरा उचलणाऱ्या बाईनं स्वतःचा कचरा घरी न्यायला.

येऊन-जाऊन सतरा मिनिटं. वैनीनं घड्याळ परत बांधून दिलं. उद्या ती जाईल तेव्हा तिचं घड्याळ काकूंच्या हातात असेल.

"घडी घालून गेली तं लाल होते. तिथं पोरं बसले राह्यते पायाले. रोज या टायमाले बाई बाहेर जाते, हे त्याईले काहून कळाव?"

कंत्राटी कामगारांसाठी पिण्याचं पाणी, संडास-मुताऱ्या आणि धुण्याची सोय ठेवायची, ठेकेदारानं ठेवली नाही तर मुख्य मालकानं ठेवायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. घड्याळाचं भाडं महापालिका भरते. संडासाचे पाच रुपये काकू भरतात, कधी दिवसातून दोनदा.

सकाळी 10.40

डबा. चहाची टपरी रेघेच्या पलीकडे, म्हणून टपरीवरचा पोरगा रेघ ओलांडून चहा आणतो. कट 7 रुपये. चौघीजणी पिंपळाखाली बसल्या. बसून बोलताना प्रत्येकीचा डावा हात अधूनमधून हलत होता. आधी मला वाटलं माश्या आहेत. हात फार वेळ स्थिर राहिला की "काम बंद" असा शेरा येतो, असं त्यांच्यात पक्कं झालंय. जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे, पण तो अर्धा तास कुठून कुठवर, हे घड्याळाला कोणी सांगितलंय का, ते त्यांना माहीत नाही.

एकीनं सांगितलं की तिचा नवरा घड्याळावर बोट ठेवून विचारतो, काल कुठं होतीस, मी साहेबाला विचारतो. साहेब सांगणार नाही, पण नवऱ्याला तसं म्हणता येतं हेच पुष्कळ झालं. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

दुपारी 12.15

ऊन 43 च्या पुढे. भाजीबाजाराच्या मागची बाजू. शहाळ्यांची टरफलं, सडका कोबी, पत्रावळी. हातमोजे वर्षातून एकदा मिळतात, तळव्याला फाटलेत. काकू आत प्लास्टिकची पिशवी घालून त्यावर मोजा चढवतात. एक ढीग उचलायला पंधरा घमेली. शहाळं ओलं असतं, जड असतं, एका घमेल्यात चारच बसतात.

कचऱ्याची गाडी एकला येते. ती चुकली तर हातगाडी रात्रभर तशीच. गाडी 1.10 ला आली. ड्रायव्हरच्या काचेला जीपीएसचा डबा, त्याच्या नाकासमोर कॅमेरा.

दुपारी 2.15

सुटी झाल्यावर काकूंना सावलीत बसवून मी प्रभागाच्या कचेरीत गेले. ओळखीनं आत सोडलं.

पडदा भिंतीवर, नकाशा त्याच्यावर. ठिपके. बघणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा, तोही एजन्सीचा. पगार अकरा हजार, म्हणजे काकूंपेक्षा कमी. त्याची हजेरी चेहरा दाखवून लागते. त्याच्या डोक्यावर छतालाही एक कॅमेरा आहे. जागेवरून उठताना त्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, नमस्कार करावा तसं.

त्यानं एका नंबरवर क्लिक केलं. नाव आलं नाही, नंबरच आला, पण रस्ता ओळखीचा होता. सकाळपासूनची रेघ उमटली. तिसऱ्या गल्लीत ती भिंत ओलांडून परत आलेली. 8.50 च्या सुमाराला दोन नंबर एकमेकांना चिकटून एकाच रस्त्यावर.

मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, "या दोघी रोज असं करतात मॅडम. कळते आपल्याला. मी नाही रिपोर्ट करत." मग म्हणाला, "पण सिस्टीमनं पकडलं तर मग मी काही करू शकत नाही."

त्यानं तारीख मागे नेली. काल. रेघ दुपारी संपली नाही. ई-रिक्षाच्या वाटेनं पुढे गेली, दुसऱ्या एका कॉलनीत तासभर थांबली, मग किराण्याचं दुकान, मग वस्तीतली ती गल्ली, ती खोली. रात्रभर तिथे.

"ड्युटीनंतरचं पण दिसते?"

"घड्याळ चालू राहिलं तर दिसते."

"कोण बघतं?"

"कोणीच नाही बघत मॅडम. कोणाले वेळ आहे? पण राहते."

किती दिवस राहतं, हे त्याला सांगता आलं नाही. घड्याळ चार्जिंगला घरी न्या म्हणून सांगितलंय, त्यामुळे ते घरी जातं. शेडमध्ये वीस प्लगांचा एक बोर्ड लावला असता तर ते घरी गेलं नसतं. याला फार तर दोन हजारांचा खर्च आहे.

दुपारी 3.30

त्या कॉलनीत तासभर काय असतं, तर भांडी आणि फरशी. एक घर, महिन्याचे 1,800. ठेकेदाराला हे माहीत नाही, आणि ड्युटीच्या वेळेबाहेर काकू काय करतात याच्याशी त्याचा संबंधही नाही. काकू घड्याळ काढून पिशवीत ठेवतात, पिशवी चपलांजवळ.

घरात एकट्या आजी. मुलगी पुण्याला. ओट्याच्या वर पांढरा गोल कॅमेरा, आजींसाठी लावलेला. काकू परात घासत असताना तो अचानक बोलला.

"काकू, आईनं गोळी घेतली का बघता?"

काकू दचकल्या नाहीत. परात खाली ठेवली, गोळ्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवला. दुपारचा कप्पा रिकामा होता.

"थँक्यू काकू. आणि तो डावीकडचा कोपरा राहिला."

मुलगी चांगली आहे. दिवाळीला साडी देते. आजी एकट्या असतात हेही खरं. पण कॅमेरा बसवला तेव्हा काकूंना कोणी काही सांगितलं नव्हतं. तो पहिल्यांदा बोलला त्या दिवशी काकू पदर बाजूला टाकून फरशी पुसत होत्या. तेव्हापासून पदर कमरेला खोचलेला असतो, 43 अंशांतही.

संध्याकाळी 7.15

वस्तीतल्या विहारात युनियनची बैठक. बाया अकरा, पुरुष तीन. एक निवृत्त शिक्षक कागद वाचतात, बाकीचे डास मारत ऐकतात.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं निकाल दिला, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. बायांनी मान डोलावली. एकीनं विचारलं, "मंग घडी काढाव का उद्यापासून?"

तेव्हा त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. कोणाची माहिती घ्यायची तर त्याची संमती हवी, असं त्यात आहे. पण कलम 7 मध्ये काही कामं वगळली आहेत, तिथे संमती लागत नाही. त्यात नोकरीच्या कारणासाठी घेतलेली माहितीही आहे.

"म्हंजे आमाले इचारायची गरजच नाई?"

"नोकरीच्या कारणासाठी नाही."

"रात्री मी झोपली राह्यतो ते नोकरीचं कारन हाये का?"

शिक्षकांनी चष्मा काढला. म्हणाले, हाच प्रश्न लिहून द्यायचा. कोर्टात नंतर पाहू, आधी कचेरीला विचारू. माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच तयार झाला, एका पोरीच्या वहीच्या पानावर. प्रश्न चार. घड्याळातून काय काय टिपलं जातं, कॅमेरा आणि माइक धरून? ड्युटीच्या वेळेनंतरची नोंद ठेवता का, आणि किती दिवस? ती कोणाकोणाला दिसते? आणि या प्रभागात कामगारांसाठी किती संडास आहेत, त्यांचे पत्ते. चौथा प्रश्न वैनीचा.

अर्ज कोणाच्या नावानं द्यायचा यावर सर्वांत जास्त वेळ गेला. काकू तयार होत्या. बाकीच्यांनी नको म्हटलं, ठेकेदार पुढच्या महिन्यात हजेरीला बोलावणारच नाही. शेवटी शिक्षकांच्या नावानं ठरलं. त्यांना पेन्शन आहे, घड्याळ नाही.

फी दहा रुपये, ती काकूंनी दिली. उत्तराची मुदत 30 दिवस. तोपर्यंत सकाळी 8.50 ला वैनीच्या हातात दोन घड्याळं असतील.